घराचा नियम आणि तो वाचण्याचा अधिकार

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. आजच्या काळात या म्हणीला आणखी एक जोड द्यावीशी वाटते. घर बांधण्यापूर्वी त्याचा नियम पाहावा वाचून! पायापासून सामासिक अंतरापर्यंत, खिडकीच्या मापापासून जिन्याच्या रुंदीपर्यंत घराच्या प्रत्येक भागाला आज कोणता ना कोणता शासकीय नियम लागू आहे. तो मोडला तर नोटीस येते, दंड होतो, प्रसंगी बांधलेले घर पाडले जाते. मात्र आपल्यापैकी कितीजणांनी हा नियम स्वतःच्या डोळ्यांनी वाचला आहे? गवंडी सांगतो ते ऐकायचे, अभियंता म्हणेल तिथे सही करायची आणि कार्यालयातील बाबू 'नियमात बसत नाही' म्हणाला की मान खाली घालून परत यायचे, हीच बहुतेकांची रीत आहे.

ज्या नियमाने आपले घर उभे राहते किंवा पडते, तो नियम वाचायला मिळणे हा आपला अधिकार आहे काय? असल्यास तो कोणी दिला? आणि तो वापरायचा कसा? आपल्या सभासद बंधू-भगिनींसाठी, विशेषतः विद्यार्थ्यांसाठी, हे प्रश्न सोप्या भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

आपल्या घराला नियम नवा नाही

घर कोठे बांधावे याचा नियम आपल्या समाजाला फार जुना आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळादिकांनी गावाबाहेर राहावे असे सांगितले आहे. गावकुसाबाहेरची वस्ती ही काही आपोआप झालेली गोष्ट नव्हती. नियमाने वस्तीची जागा ठरवली, पाणवठा ठरवला. आणि ज्यांच्यावर हे नियम लादले गेले त्यांनाच ते शास्त्र वाचण्याची, इतकेच काय ऐकण्याचीही बंदी होती. नियम करणारा एक, वाचणारा तोच, अर्थ सांगणाराही तोच आणि भोगणारा मात्र दुसरा, अशी ही व्यवस्था होती.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. त्यामागे त्या ग्रंथातील विषमतेचा निषेध होता हे आपण सर्वजण जाणतो. त्या घटनेतून आणखीही एक धडा मिळतो. जो कायदा आपल्याला बांधतो तो आपण वाचला पाहिजे, तपासला पाहिजे, पटला नाही तर त्याला उघडपणे विरोध केला पाहिजे. बाबासाहेबांनी पुढे देशाला जे संविधान दिले ते छापील, उघड आणि कोणालाही वाचता येईल असे आहे. 'शिका' या त्यांच्या आदेशात कायदा वाचायला शिकणेही येते.

भगवंतांच्या संघातील घराचा नियम

अनेकांना आश्चर्य वाटेल, पण भगवान बुद्धांच्या संघातही घरबांधणीचा नियम होता. विनयपिटकात त्याला कुटिकार शिक्षापद म्हणतात आणि तो संघादिसेस या गंभीर गटात मोडतो. त्याची हकीगत अशी. आळवी येथील काही भिक्षू स्वतःसाठी कुट्या बांधू लागले. कुटीला मापाची मर्यादा नव्हती. माणसे द्या, बैल द्या, कुऱ्हाड द्या, गवत द्या अशी त्यांची मागणी थांबेना. लोक इतके त्रासले की भिक्षू दिसताच वाट बदलू लागले. लांबून गाय दिसली तरी भिक्षूच आला असे समजून लोक पळत, असे त्या कथेत सांगितले आहे.

तेव्हा भगवंतांनी नियम घालून दिला. दात्याविना, स्वतःसाठी, मागून आणलेल्या साहित्यातून कुटी बांधायची असेल तर ती सुगताच्या वितीने आतून मोजून बारा वीत लांब आणि सात वीत रुंद असावी, याहून मोठी नसावी. बांधण्यापूर्वी इतर भिक्षूंना नेऊन जागा दाखवावी आणि त्यांची मान्यता घ्यावी. त्या जागी जीवजंतूंना इजा पोहोचणार नाही हे पाहावे आणि कुटीभोवती फिरण्यापुरती मोकळी जागा असावी. आता आजच्या नियमावलीशी ताडून पाहा. बांधकामाची कमाल मर्यादा आहे, जागेची पाहणी आहे, पूर्वपरवानगी आहे, भोवतालचे सामासिक अंतरही आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या नियमात या चारही गोष्टी आहेत!

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. हा नियम कोणाच्या पेटीत कुलूपबंद ठेवलेला नव्हता. दर पंधरवड्याला उपोसथाच्या दिवशी संघ एकत्र जमे आणि पातिमोक्ख, म्हणजे सर्व नियमांचा संग्रह, मोठ्याने म्हटला जाई. ज्यांना नियम पाळायचा त्या प्रत्येकाच्या कानावर तो पंधरा दिवसांतून एकदा पडे. याच पातिमोक्खातील पाचित्तिय गटात त्र्याहत्तरावे शिक्षापद आहे. 'हा नियम पातिमोक्खात आहे हे मला आताच समजले' अशी सबब सांगणाऱ्या भिक्षूविषयी ते आहे. तो दोन-तीन वेळा तरी पठणाला बसलेला आहे असे इतरांना माहीत असेल तर त्याची अज्ञानाची सबब चालत नाही.

या शिक्षापदातील न्याय नीट लक्षात घ्यावा. आपले न्यायालयही 'कायद्याचे अज्ञान ही सबब नव्हे' असेच म्हणते. पण संघाने हे म्हणण्यापूर्वी स्वतःवर एक जबाबदारी घेतली होती. आधी नियम ऐकवायचा, एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा ऐकवायचा आणि मगच अज्ञानाची सबब नाकारायची. नियम सांगण्याचे कर्तव्य आधी आणि शिक्षेचा अधिकार नंतर.

शिळेवर कोरलेला आदेश

सम्राट अशोकाने हेच तत्त्व राज्यकारभारात आणले. त्याने आपले आदेश शिळांवर आणि स्तंभांवर कोरले, आणि तेही पंडितांच्या संस्कृतात नव्हे तर लोकांच्या प्राकृतात. वायव्य सरहद्दीवर खरोष्ठी लिपी वापरली, कंदाहारकडे ग्रीक आणि अरामी भाषा वापरली. जिथले लोक जी भाषा जाणत त्या भाषेत राजाचा आदेश गेला. महाराष्ट्रात सोपारा येथे त्याच्या शिलालेखाचे तुकडे मिळाले आहेत. आपल्या सोलापूर जिल्ह्याला लागून असलेल्या कलबुर्गी जिल्ह्यात सन्नती येथे १९८६ साली अशोकाचे लेख उजेडात आले. सन्नतीच्या लेखांत जे दोन स्वतंत्र आदेश आहेत तेच ओडिशातील धौली आणि जौगड येथेही आहेत. हे आदेश तिष्य नक्षत्राच्या दिवशी वाचून दाखवावेत, मधल्या काळात ऐकणारा एकटा असला तरी त्यालाही वाचून दाखवावेत, अशी सूचना त्या आदेशांतच आहे. आदेश कोरून ठेवला म्हणजे राज्याचे काम संपले असे अशोकाने मानले नाही. ज्याला वाचता येत नाही त्याचीही त्याने सोय पाहिली.

न सांगितलेला कायदा हा कायदा नव्हे

स्वतंत्र भारतात हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो १९५१ साली, हरला विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात. जयपूर संस्थानात अफूसंबंधी एक कायदा मंत्रिमंडळाने १९२३ मध्ये ठरावाने केला होता, परंतु तो लोकांना कळेल अशा रीतीने कधी प्रसिद्धच केला नव्हता. त्या कायद्याखाली एका माणसाला पन्नास रुपये दंड झाला. रक्कम लहान होती, पण तत्त्व मोठे होते. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निर्णय दिला की, लोकांना ज्याची माहिती नाही आणि प्रयत्न करूनही जो त्यांना कळू शकत नाही, अशा कायद्याने त्यांना शिक्षा करणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही. कायदा अमलात येण्यापूर्वी तो राजपत्रातून किंवा अन्य रीतीने जाहीर झालाच पाहिजे. शिक्षा रद्द झाली.

यानंतरच्या दोन कायद्यांची माहिती प्रत्येकाला असावी. पहिला म्हणजे लेखाधिकाराचा, म्हणजेच कॉपीराइटचा, १९५७ चा कायदा. राजपत्रात प्रसिद्ध झालेला मजकूर पुन्हा छापणे हा लेखाधिकाराचा भंग होत नाही, असे त्याच्या कलम ५२ मध्ये म्हटले आहे. म्हणजे राजपत्रातील नियमावलीची झेरॉक्स काढून ती वाटायला कोणाचीही आडकाठी नाही. दुसरा म्हणजे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५. त्याच्या कलम ४ प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपण वापरत असलेले नियम, विनियम, सूचना आणि नियमपुस्तिका कोणी मागण्याची वाट न पाहता स्वतःहून प्रसिद्ध करायच्या आहेत. ही माहिती देताना स्थानिक भाषेचा विचार करावा, असेही त्याच कलमात सांगितले आहे. थोडक्यात, बांधकामाचा नियम दाखवणे ही कोणा अधिकाऱ्याची मेहेरबानी नाही. ते त्याच्या कार्यालयाचे कर्तव्य आहे.

विकत घ्यावा लागणारा नियम

एवढे असूनही एक अडचण बरीच वर्षे राहिली. तिचे स्वरूप जरा बारकाईने समजून घेऊ. बांधकामाचे नियम दोन थरांत असतात. वरचा थर शासनाच्या अधिनियमांचा आणि नियमावलींचा. तो राजपत्रात येतो. खालचा थर तांत्रिक मानकांचा. भिंत किती जाड असावी, लोखंड किती घालावे, भूकंपाचा धक्का सोसण्यासाठी काय करावे, आग लागली तर बाहेर पडण्याचा मार्ग कसा असावा, हे तपशील भारतीय मानक ब्युरोच्या पुस्तकांत असतात. भारतीय राष्ट्रीय इमारत संहिता हे त्यांतील सर्वांत मोठे पुस्तक. ती प्रथम १९७० साली निघाली, पुढे १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या आल्या. ही संहिता स्वतः कायदा नाही, ती शिफारस आहे. पण राज्याची नियमावली जेव्हा म्हणते की 'अमुक बाब राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे असावी', तेव्हा ती शिफारस आपल्याला कायद्यासारखीच बांधते. मग जे पुस्तक पाळायचे ते वाचायला कोठे मिळणार? तर ते विकत घ्यावे लागे. संहितेची किंमत तेरा हजार रुपयांहून अधिक झाली होती. खेड्यातील गवंड्याने किंवा पदविकेच्या विद्यार्थ्याने ती कशी घ्यावी?

ही केवळ पैशांची गोष्ट नाही, जिवाची आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. आपल्या सोलापूर जिल्ह्यातही लोक घराबाहेर धावले. भूकंपाचा धक्का मध्यम स्वरूपाचा होता, पण घरे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची आणि वर माळवदाचे भारी ओझे असलेली होती. भिंतीचा बाहेरचा थर आणि आतला थर एकमेकांपासून सुटले आणि झोपेत असलेल्या माणसांवर माळवद कोसळले. त्या वेळच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात दाखवलेला होता. पुढे २००२ च्या सुधारित मानकात पहिले क्षेत्रच काढून टाकण्यात आले.

त्याच १९९३ या वर्षीचे 'आयएस १३८२८' हे मानक अशाच दगडी घरांसाठी आहे. त्यात सांगितले आहे की दगडी भिंत ४५० मिलिमीटरहून, म्हणजे साधारण दीड फुटाहून जाड करू नये. उंचीत दर ६०० मिलिमीटरला, म्हणजे दोन फुटांना, भिंतीच्या आरपार जाणारे दगड घालावेत आणि अशा दोन दगडांमधील आडवे अंतर १.२ मीटरहून, म्हणजे चार फुटांहून अधिक ठेवू नये. दाराखिडक्यांच्या वरच्या पातळीवर सर्व भिंतींना बांधून ठेवणारा सलग पट्टा असावा. सांगा, यात गवंड्याला न समजण्यासारखे काय आहे? दगडाला दगड सांधण्याची ही साधी गोष्ट आहे. परंतु ती इंग्रजीत, किमतीच्या पुस्तकात आणि शहरातल्या कचेरीत राहिली तर माळवदाखाली झोपणाऱ्या माणसाला तिचा उपयोग काय?

या अडचणीवर आवाज उठवणाऱ्यांत कार्ल मालामुद या अमेरिकन गृहस्थांचे नाव घ्यावे लागेल. त्यांनी हजारो भारतीय मानके विकत घेऊन इंटरनेटवर सर्वांसाठी मोफत ठेवली. मानक ब्युरोने त्यास आक्षेप घेतला आणि त्यांची वर्गणी पुढे चालू ठेवण्यास नकार दिला. तेव्हा त्यांनी आणि दोन भारतीय सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. लोकांच्या सुरक्षिततेचा नियम लोकांना मोफत मिळाला पाहिजे, हे त्यांचे म्हणणे होते. मालामुद यांनी सॅम पित्रोदा यांच्यासमवेत लिहिलेल्या २०१८ च्या पुस्तकाचे नावच 'कोड स्वराज' आहे. अमेरिकेतही असाच वाद झाला होता. टेक्सास राज्यातील दोन लहान गावांनी एका खाजगी संस्थेची इमारत संहिता आपला कायदा म्हणून स्वीकारली. एका नागरिकाने ती आपल्या संकेतस्थळावर ठेवली तेव्हा संस्थेने त्याला हरकत घेतली. २००२ मध्ये तेथील अपील न्यायालयाने निर्णय दिला की, संहिता एकदा कायदा बनली की कायदा म्हणून ती सर्वांची आहे.

समाधानाची गोष्ट अशी की आपल्याकडेही हे चित्र पालटले आहे. मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर नाव नोंदवले की भारतीय मानके आता विनामूल्य उतरवून घेता येतात. जे दार लोकांसाठी बंद होते ते उघडले आहे. प्रश्न आता एवढाच आहे की, त्या दारातून आत जाणार कोण?

श्रीपूरला कोणता नियम लागू?

हा प्रश्न आपल्या गावाला फार जवळचा आहे. पूर्वी आपल्याकडे ग्रामपंचायत होती आणि गावठाणातील बांधकामाची परवानगी महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे ग्रामपंचायत देत असे. पुढे महाळुंग-श्रीपूर नगरपंचायत झाली आणि २०२१-२२ मध्ये तिची पहिली निवडणूक पार पडली. निवडणुकीची चर्चा घरोघर झाली. पण गाव नगरपंचायतीत गेले म्हणजे आपल्या घराचा नियम बदलला, ही गोष्ट किती घरांत बोलली गेली? नगरपंचायत ही महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली नियोजन प्राधिकरण असते. बांधकामाला राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू होते. ही नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली. मुंबई महानगरपालिकेसारखी काही क्षेत्रे वगळता जवळजवळ साऱ्या महाराष्ट्रासाठी ती एकच आहे. नगररचना विभागाच्या संकेतस्थळावर ती मिळते, पण ती काही शे पानांची आणि इंग्रजी भाषेत आहे. शिवाय तीत वेळोवेळी सुधारणा होत असतात. म्हणून वाचताना ताजी प्रतच पाहावी.

या जाड नियमावलीत गरिबाच्या सोयीचेही पुष्कळ आहे. उदाहरणार्थ, १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील कमी जोखमीच्या लहान घरासाठी लांबलचक मंजुरीची वाट पाहावी लागू नये अशी तरतूद तीत केली आहे. मालकीचे कागद, नकाशा, परवानाधारक तांत्रिक व्यक्तीचा दाखला आणि शुल्क भरल्याची पावती एवढ्यावर काम सुरू करता येते. ज्याला ही तरतूद माहीत नाही तो उगाच हेलपाटे घालतो किंवा कोणाच्या तरी हातावर पैसे ठेवतो. ज्याला माहीत आहे तो नियमाचा क्रमांक दाखवून बोलतो.

त्याचप्रमाणे १९६६ च्या अधिनियमाच्या कलम ४५ प्रमाणे प्राधिकरणाने साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते, मात्र नकाशा नियमांना धरून असला पाहिजे. नकाशाच नियमबाह्य असेल तर या तरतुदीचा आधार मिळत नाही. म्हणून अर्ज दिल्यावर शिक्क्याची आणि तारखेची पोच घ्यायला विसरू नये. साठ दिवस मोजायचे ते त्या तारखेपासून.

बँकेत काम करीत असल्याने एक अनुभव नमूद करतो. गृहकर्जासाठी येणारी माणसे पुष्कळदा घरपट्टीची पावती पुढे करतात आणि 'घर कायदेशीर आहे, बघा कर भरलाय' असे म्हणतात. घरपट्टीची पावती म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे. कर घेतल्याने विनापरवाना बांधकाम नियमित होत नाही. मंजूर नकाशा आणि बांधकाम परवानगी नसली की कर्जाचे प्रकरण अडते, आणि मग माणूस जादा व्याजाने खाजगी सावकाराकडे वळतो. नियम न वाचल्याचा हा भुर्दंड वर्षानुवर्षे हप्त्याने फेडावा लागतो.

रमाई आवास योजनेखाली अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांना जे घरकुल मिळते त्याचे चटईक्षेत्र २६९ चौरस फूट आहे. एवढ्या लहान घरात तर प्रत्येक माप मोलाचे. राष्ट्रीय इमारत संहितेत राहण्याच्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे साधारण नऊ फूट असावी असे सांगितले आहे. एकच खोली असेल तर तिचे क्षेत्र ९.५ चौरस मीटरहून आणि रुंदी २.४ मीटरहून कमी नसावी. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली दिवस काढलेल्या माणसाला या आकड्यांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. ठेकेदार उंची कमी करू लागला तर हाच आकडा त्याला दाखवता येतो.

आपल्या विहारांचा आणि समाजमंदिरांचाही विचार येथेच करावा. पन्नास किंवा अधिक माणसे जेथे जमतात ती इमारत संहितेत 'संमेलन इमारत' या वर्गात येते. तिला बाहेर पडण्याचे मार्ग पुरेसे हवेत आणि दारे बाहेरच्या बाजूस उघडणारी हवीत. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेला आग लागली आणि ९४ मुले दगावली. वरती झावळ्यांचे छप्पर आणि बाहेर पडायला अरुंद वाट अशी तिथली स्थिती होती. बुद्धजयंतीला किंवा १४ एप्रिलला आपला हॉल माणसांनी भरतो, तेव्हा दार कोणत्या बाजूला उघडते हे संस्थेच्या कार्यकारिणीने एकदा पाहून घ्यावे.

नोटीस आली तर

घर पाडण्याची नोटीस हा गरीब माणसाचा सर्वांत मोठा धसका. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने या बाबतीत देशभरासाठी निर्देश दिले. लेखी नोटीस नोंदणीकृत टपालाने द्यावी, ती घरावरही चिकटवावी, किमान पंधरा दिवसांची मुदत द्यावी, कोणता नियम मोडला ते लिहावे आणि म्हणणे ऐकून घ्यावे. शिवाय नोटीस, तिचे उत्तर आणि अंतिम आदेश सर्वांना पाहता येतील असे संकेतस्थळ प्रत्येक स्थानिक संस्थेने ठेवावे. मात्र रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी किंवा जलाशयालगतच्या सार्वजनिक जागेवरील अनधिकृत बांधकामांना आणि न्यायालयानेच पाडण्याचा आदेश दिला असेल तेथे हे निर्देश लागू नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. या निकालाने बेकायदा घर कायदेशीर होत नाही. पण कोणता नियम मोडला हे सांगितल्याशिवाय कोणाचे घर पाडता येणार नाही, एवढे त्याने पक्के केले.

नियम मिळवायचा कसा?

पहिली पायरी म्हणजे संबंधित कार्यालयात जाऊन नियमावली पाहायला मागणे. न मिळाल्यास माहिती अधिकाराचा अर्ज करावा. अर्जासोबत दहा रुपये शुल्क द्यावे लागते, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीस ते माफ आहे. साध्या आकाराच्या पानाच्या प्रतीला दोन रुपये पडतात. अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत असावा. 'मला नियम द्या' असे मोघम लिहू नये. नेमके असे लिहावे: 'आपल्या कार्यालयात बांधकाम परवानगीसाठी सध्या लागू असलेल्या नियमावलीची व तिच्या सर्व सुधारणांची यादी, परवानगीसाठी लागणाऱ्या कागदपत्रांची यादी आणि शुल्काचे दरपत्रक यांच्या प्रती मिळाव्यात.' तीस दिवसांत उत्तर यावयास हवे. न आल्यास त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे तीस दिवसांच्या आत पहिले अपील करता येते.

शासन निर्णय मात्र बहुधा मराठीत असतात आणि शासनाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. विकास योजनेत किंवा नियमावलीत बदल करण्यापूर्वी शासन राजपत्रातून हरकती आणि सूचना मागवते. वस्तीतून रस्ता जाणार, जागेवर आरक्षण पडणार हे कळते ते याच वेळी. मुदत उलटल्यावर मोर्चा काढण्यापेक्षा मुदतीत एक लेखी हरकत नोंदवणे अधिक उपयोगी पडते.

संस्थेला एक विनंती

संस्थेच्या वाचनालयात धम्माची आणि बाबासाहेबांची पुस्तके आहेतच. त्याच कपाटातील एक कप्पा 'घराचे नियम' म्हणून राखून ठेवावा, ही या लेखाच्या निमित्ताने नम्र सूचना आहे. त्यात एकत्रीकृत नियमावलीतील लहान घरांची प्रकरणे, नगरपंचायतीच्या शुल्काचे दरपत्रक, घरकुलाचे शासन निर्णय, दगडी आणि विटांच्या घरांविषयीची मानके आणि माहिती अधिकार अर्जाचा नमुना एवढे कागद ठेवले तरी पुरे. छपाईचा खर्च एका छोट्या कार्यक्रमाच्या हारतुऱ्यांइतकाही येणार नाही.

दुसरे काम विद्यार्थ्यांचे आहे. आपल्या समाजातील मुले-मुली आज स्थापत्य पदविका आणि पदवी घेत आहेत, वकिलीचा अभ्यास करीत आहेत. इंग्रजी नियमावलीतील दररोज लागणारी वीस-पंचवीस कलमे त्यांनी सोप्या मराठीत उतरवावीत. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी त्यातील भाषा तपासावी. आपल्या गवंडी बांधवांना बोलावून ती त्यांच्यापुढे वाचावीत, त्यांना न समजलेला शब्द बदलावा. हे काम शासनाने करावयास हवे हे खरे, पण ते होईपर्यंत पाया खणणारा माणूस थांबून राहत नाही.

आणि तिसरे असे की, दर पौर्णिमेला आपण विहारात वंदनेसाठी जमतोच. वंदना झाल्यावर दहा मिनिटे एक नियम वाचावा. एका पौर्णिमेला भिंतीचा, दुसऱ्या पौर्णिमेला खिडकीचा, तिसऱ्या पौर्णिमेला नोटिशीचा. उपोसथाच्या दिवशी संघ नियमांचे पठण करीत असे, हे आपण वर पाहिलेच. ज्यांना तो पाळायचा त्यांच्या कानी तो पडावा हाच त्याचा हेतू होता. वर्षभरात बारा नियम बसलेल्या प्रत्येक मायबहिणीच्या कानावरून गेले तर 'नियमात बसत नाही' या शब्दांना 'कोणत्या नियमात, साहेब?' असे शांतपणे विचारणारा एक तरी माणूस प्रत्येक घरात तयार होईल.

जय भीम! नमो बुद्धाय!